हनुवटीवरून लावलेल्या जोड्या

“सुमेऽऽ! ए सुमे! भाईर यी आदी! माजी गौर कुठं घातलीस ते सांग!”

गौरी जेवणाची सकाळ. गावात झाडून सगळ्या घरांत पुरण शिजत होतं, आणि सोनाक्का आमच्या शेडच्या दारात उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज म्हणजे काय सांगू! कोरेगाव स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर त्या आवाजाला शिट्टी समजून सुटली आणि अर्धे प्रवासी चहाचे कप हातात धरून फलाटावरच राहिले. स्टेशन आमच्या गावापासून सहा किलोमीटर आहे. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी येऊन सोनाक्काला भेटावं. ती अजून आहे, आणि आवाजही आहे. मी आत डोक्याला फडकं गुंडाळून रंगाच्या वाट्या धूत बसले होते. हातातली वाटी तशीच घेऊन बाहेर आले. सोनाक्काच्या कोपरापर्यंत पुरण लागलेलं, पदर खोचलेला, कपाळावर घाम. मला बघितल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“घरात दोनी नव्याच बसल्यात,” ती म्हणाली. “काल बसवताना लाइट न्हवती, ध्यानात आलं न्हाई. आज कुक्कू लावाय गेले तर कोण बाई ही! माजी जुनी न्हाई गं त्यात. तोंडाकडं बघती तर वळखच लागंना.”

मी म्हटलं, “आक्का, शक्यच नाही.” तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि माझ्या तोंडून ‘शक्यच नाही’ आणि ‘बघतेच’ ही दोनच वाक्यं दिवसातून शंभर वेळा निघत. आता केस पांढरे झालेत, म्हणून ती पन्नासवर आलीत.

पण आधी शेडचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते शेड मुळात कोंबड्यांचं. आमचे आण्णा फौजेतून सुभेदार होऊन घरी आले, आणि ज्या माणसानं वीस वर्षं जवानांची हजेरी घेतली त्याला सकाळी हजेरी घ्यायला कुणीतरी लागतं, म्हणून त्यांनी पोल्ट्री टाकली. पहाटे पाचला आण्णा शेडच्या टोकाला उभे राहून खाकरले की हजार कोंबड्या एका रांगेत माना वर करत. एक कोंबडा जरा वाकडा उभा राहायचा, त्याला त्यांनी तीन दिवस दाणे बंदची शिक्षा दिली होती. पुढे एक साथ आली आणि दोन दिवसांत शेड रिकामं झालं. आण्णांनी रिकाम्या शेडलाही आठवडाभर फेरी मारली. मग तेही सोडलं. वास मात्र राहिला. आजही आमच्या स्टुडिओत पुण्या-मुंबईची माणसं येतात, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, “काय मातीचा वास आहे!” मी चहा पुढे करते.

मी त्या वेळी सांगलीला मामाकडे होते. शिकायला गेले होते असं घरी सांगितलेलं, पण मी कुपवाडला एका बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे काढायला लागले होते. प्लास्टिकच्या बाहुल्या साच्यातून आंधळ्या निघायच्या, आणि त्यांना नजर द्यायचं काम माझ्याकडे. दिवसाला हजार डोळे. वर्षभरात साडेतीन लाख. सुट्ट्या मी धरलेल्या नाहीत, कारण मी सुट्टी घेतलीच नाही असं मला आठवतं. तिथं रंग कालवायला हुसेनचाचा होते. साठीचा माणूस, दाढी मेंदीनं लाल, बोटं कायम निळी. चाचा नुसतं वाटीकडे बघून सांगायचे, “ह्यात पिवळा चिमूटभर जास्त झालाय.” एकदा मालकाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “ह्यांच्यात पण पिवळा जास्त झालाय, डॉक्टरला दाखवा,” आणि मालकाला खरंच कावीळ निघाली. मालक बरा झाला, पण कारखाना बंद पडला. मी गावी आले. आठ दिवसांनी एसटीनं सांगलीला जाऊन चाचांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, “चाचा, माझ्याकडं शेड हाय. कोंबड्या न्हाईत. येता का?” चाचांनी ब्रशांचा पत्र्याचा डबा उचलला. दर सोमवारी पॅसेंजरनं यायचे आणि शनिवारी परत जायचे. आण्णांचा नि त्यांचा पहिल्या दिवशी चहावरून वाद झाला, दुसऱ्या दिवशी रेडिओवरून, आणि तिसऱ्या दिवसापासून दोघं एकमेकांवाचून जेवेनात.

सुरुवातीला आम्ही दोघंच. मातीचे बैल, लाकडी पाट, बाशिंगं, काय मिळेल ते रंगवायचो. मग शेजारची नंदा आली. “जरा बघाय आलीय,” म्हणाली आणि दुपारी तीन ते पाच रोज जरा बघायला यायला लागली. तिच्यामागून आणखी चार सुना आल्या. घरी सांगताना एक दळण आणायला निघायची, एक जनावराला वैरण बघायला, एकीच्या तर दाताचं दुखणं सहा महिने चालू होतं. शेडचा पत्रा दुपारी तापून कडकड वाजायचा आणि त्याखाली पाचजणींचं हसणं. मधोमध मोठ्या पातेल्यात घेवड्याची उसळ, कारण आमच्याकडे पाहुणा असो, मजूर असो की कलाकार असो, पुढ्यात घेवडाच येतो. कुणी भाकरी आणायची, कुणी ठेचा. चाचा ठेच्याला हात लावून डोळ्यांतून पाणी काढायचे आणि म्हणायचे, “हा रंग कुठल्या दुकानात मिळत न्हाई.” हल्ली मला शहरांत बोलायला बोलावतात. एक पोरगी माइक घेऊन विचारते, “मॅडम, तुम्ही ही क्रिएटिव्ह कम्युनिटी कशी उभी केली?” मी सांगते, “उसळ करून.” लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं मी विनोद केला.

मग गौरीचे मुखवटे आले. आमच्या भागात बऱ्याच घरांत गौरीची तोंडं शाडूची. पिढ्यान्‌पिढ्या तीच; दरवर्षी काढायची, पुसायची, बसवायची आणि उठल्यावर पुन्हा कापडात गुंडाळून ठेवायची. वर्षानुवर्षांनी रंग उडतो, नाक झिजतं, एखादीच्या गालावर उदबत्तीचा डाग पडलेला असतो. हे मुखवटे घेऊन रंगवून द्यायचं काम मी काढलं, आणि बघता बघता चाळीस घरांच्या गौरी आमच्या शेडमध्ये येऊन बसल्या. ह्यामुळे सुनांची खोटी दुखणी बंद झाली, कारण देवाच्या कामाला सासू नाही म्हणत नाही. चाचा जुना रंग पॉलिश पेपरनं घासून उतरवायचे. कुंकवाला मात्र हात लावायचे नाहीत. “ते तुमी काढा, बाकीचं मी बघतो.” मग आम्ही रंगवायला बसायचो. त्यात एक गंमत मला चाचांनी दाखवली. नंदाच्या हातून निघालेल्या सगळ्या गौरींच्या भुवया जरा वर चढलेल्या. “हिच्या आईला बघितलंस का कवा?” चाचांनी विचारलं. नंदाची आई एकदा तिला भेटायला आली, आणि खरंच, दारातून आत आली ती कायम नवल वाटत असल्यासारखी बाई. पाचहीजणी नकळत आपापल्या आया रंगवत होत्या. मला मात्र बाहुल्यांचे डोळे काढायची सवय. माझ्या गौरी तेवढ्या बिनआईच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या.

आण्णांनी मुदत घातली होती. फौजी माणूस, मुदतीशिवाय श्वास घेत नाही. “गौरी उठेपर्यंत तुझा टाइम. उसके बाद पिल्लं येणार. ऑर्डर दिलीय.” आणि खरंच त्यांनी आपला नवीन बटणाचा मोबाइल कानाला लावून, शत्रूच्या तळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पाचशे पिलांची ऑर्डर दिलेली मी ऐकली होती. म्हणजे हे चाळीस घरांचं काम धड झालं, गावानं नाव घेतलं, तर शेड राहणार. नाहीतर मी पुन्हा कुणाच्या तरी कारखान्यात डोळे काढायला, आणि ह्या पाचजणी आपापल्या मागच्या दारात. त्यांना कुणी पुन्हा ‘जरा बघायला’ सोडणार नव्हतं. चाचा म्हणाले, “बेटा, प्रत्येक तोंडाला चिठ्ठी बांध. ह्या घरची, त्या घरची.” मी म्हटलं, “चाचा, साडेतीन लाख डोळे काढलेत मी. ऐंशी तोंडं ध्यानात ठेवता येत न्हाईत व्हय मला?” चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

आता सोनाक्का आणि ताराक्का. सख्ख्या जावा. दहा फुटांची गल्ली, अलीकडे धाकटी सोनाक्का, पलीकडे थोरली ताराक्का. त्यांच्या नवऱ्यांची वाटणी अकरा वर्षांपूर्वी झाली होती आणि अशी वाटणी सातारा-सांगलीत दुसरी झाली नसेल. विहीर तासांवर वाटली. लिंबाची सावली सकाळची एकाला, दुपारची एकाला. जात्याची वरची तळी थोरल्याकडे गेली आणि खालची धाकट्याकडे, त्यामुळे दोन्ही घरं दळायला गिरणीत जात होती. हे सगळं गावाला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते एवढंच, की सासूच्या गौरींची जोडीही त्यांनी फोडली होती. ज्येष्ठा थोरलीनं घेतली, कनिष्ठा धाकटीनं, आणि दोघींनी एकेक नवी विकत आणून आपापली जोडी पुरी केली होती. गौरी आतल्या खोलीत बसतात. असल्या गोष्टी गल्लीत येत नाहीत.

त्या चार गौरी माझ्याकडे एकाच दिवशी आल्या. चाचांनी रंग उतरवला, मी उन्हाला ठेवल्या, संध्याकाळी उचलायला गेले तर चौघी एका ओळीत, सगळ्या पांढऱ्याफटक. मी चौघींकडे बघितलं, आणि जे कुठल्याही रंगकाम करणाऱ्या माणसानं केलं असतं तेच मी केलं. दोन तोंडं साच्यातली होती, गुळगुळीत. दोन हातानं घडवलेली, आणि दोघींची हनुवटी एकच, डावीकडे तांदळाएवढी कललेली. एकाच बोटानं दाबलेली दिसत होती. मी जोड्या लावल्या. हातच्या दोघी एकत्र, साच्यातल्या दोघी एकत्र. एकीचे डोळे दुसरीला शोभतील असे काढले. इतकी देखणी जोडी माझ्या हातून त्या वर्षी दुसरी झाली नव्हती. ती मी ताराक्काच्या दारात स्वतः नेऊन दिली, आणि दुसरी जोडी कापडात गुंडाळून सोनाक्काच्या घरी ठेवून आले. डोळ्यांना बरोबर दिसलं ते केलं. डोळ्यांचं काय चुकलं, ते बरोबरच होते!

तर त्या सकाळी मी आणि सोनाक्का गल्ली ओलांडून ताराक्काच्या उंबऱ्याशी गेलो. म्हणजे मी ओलांडली. सोनाक्का गल्लीच्या मधोमध थांबली, कारण अकरा वर्षांत तिनं पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. ताराक्का दारात आली. उंच, हडकुळी, बोलणं मोजून.

“थोरल्या बाई, माजी गौर द्या,” सोनाक्का म्हणाली.

“बसलेली गौर उठवत न्हाईत.”

“मग मी काय करू? जेवान आज हाय!”

“उद्या उठल्यावर न्यायची.”

“उद्या उठल्यावर काय लोणचं घालू तिचं? उपाशी बसलीय ती तुमच्यात!”

“माज्या घरात कोण उपाशी बसत न्हाई,” ताराक्का म्हणाली. “तुज्या घरातली आमटी खाऊन उलट ती बारीक झाली आसंल.”

एव्हाना गल्लीत दोन्हीकडच्या बाया जमल्या. कुणीतरी म्हणालं, “सुमीनं बदलली जणू.” दुसरीनं आपल्या घराकडे बघितलं, आणि मला दिसलं, आता चाळीस घरांत चाळीस बाया आपापल्या गौरींच्या तोंडाकडे निरखून बघणार. माझ्या कानात पाचशे पिलं एकदम चिवचिवली. आणि मग माझ्या तोंडातून जे निघालं ते मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

“मी न्हाई बदलल्या,” मी म्हटलं. “त्या दोघींनीच ठरवलं. तीनदा वेगळ्या ठेवल्या, तीनदा रंगाला तडा गेला. चौथ्यांदा एका पाटावर ठेवल्या तर एका दमात सुकल्या. चेहरे बघा, हसतायत!”

मग एक म्हातारी “अगं बया!” म्हणाली आणि तिनं तिथंच हात जोडले. एवढं पुरलं. तासाभरात ताराक्काच्या घरापुढे रांग लागली, शेजारच्या दोन गावांतून बाया आल्या, आणि नारळ इतके फुटले की गल्लीतून पाण्याचा ओहोळ वाहिला. बैलांनी दोन दिवस तोच प्याला. आण्णा शेडपाशी छाती काढून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “हमारी लडकी का काम है.” मी हवेतच होते. एवढ्यात चाचा हळूच जवळ आले. त्यांना आण्णांनी पुरणपोळीला मुद्दाम ठेवून घेतलं होतं. “बेटा,” ते म्हणाले, “रंगाला तडा कवा गेला? माझ्या रंगाला?”

मी हसले. चाचा हसले नाहीत. “तिकडं बघ,” म्हणाले.

सोनाक्का आपल्या पायरीवर बसली होती. आत चूल विझली होती. दोन बाया तिच्याशी बोलत होत्या, अगदी मायेनं, आणि मायेनं बोललेलं फार लागतं. “तिला तुज्यात करमलं न्हाई गं. देवाची विच्छा.” मी जवळ गेले तशा त्या उठल्या. सोनाक्कानं माझ्याकडे बघितलं.

“मला सांग सुमे,” ती म्हणाली. “खरंच माज्यात नको वाटलं व्हय तिला? मी सतरा वर्साची ह्या घरात आले. सासू कडक, जाऊ मुक्यावानी. वरीसभर मी त्या तोंडासंगं बोलून काडलं. कपाटात कापडात गुंडाळलेली आसायची, तरी उगडून बोलायची. आणि ती गेली?”

माझी थाप किती लांब गेली होती ते मला तेव्हा दिसलं. मी शेडचं नाव वाचवलं होतं, आणि ह्या बाईच्या घरातून तिची देवी, जणू देवीच्याच इच्छेनं, उठवून दिली होती.

मी धावत गेले, ताराक्काच्या कट्ट्यावर चढले आणि सोनाक्काच्या आवाजात ओरडले. “ऐका! मी चुकले! रंगाला तडाबिडा काय गेला न्हाई! चिठ्ठ्या बांधल्या न्हाईत, आणि हनुवट्या बघून जोड्या लावल्या! देवीनं काय केलं न्हाई, मी केलंय!”

जन्मात पहिल्यांदा मी भर गर्दीत खरं बोलले होते आणि एकीनंही विश्वास ठेवला नाही. रांग एक पाऊल पुढे सरकली, बस्स. “पोरगी भ्याली,” ती म्हातारी म्हणाली. “देवाचं उगडं केलं की आसंच हुतं.” कुणीतरी माझ्यावरून मीठ ओवाळून टाकलं. आण्णांनी मात्र ऐकलं होतं. त्यांची छाती खाली आली. कट्ट्याखाली येऊन म्हणाले, “डिसमिस होशील. कळतंय?” मी म्हटलं, “कळतंय.” ते बाजूला झाले आणि मला वाट करून दिली.

मी परत सोनाक्काच्या पायरीशी जाऊन बसले. “आक्का, ती गेली नाही. मी उचलून नेली. तिची नि त्या दुसरीची हनुवटी एक आहे, डावीकडं कललेली. म्हणून मला वाटलं जोडी आहे.”

ती माझ्याकडे वळली. “हनुवटी तुला दिसली?”

“दिसली.”

“सासूनं केलेल्या त्या. सोताच्या हातानं. वल्या हुत्या तवा आंगठा लागला म्हणायची.” तिनं नाक पुसलं. “मी कुणाला सांगितलं न्हवतं.” मग ती उठली, हात धुतले, चूल पेटवली. मी पोळ्या लाटायला बसले. एकही गोल आली नाही. तिनं ताट वाढलं: पोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई, मधे तुपाची वाटी. वर केळीचं पान झाकलं. आणि गल्लीत उतरली.

मधोमध पोचल्यावर थांबली. बायांनी रांग फोडली. मग तिनं पाऊल पलीकडे टाकलं, उंबरा ओलांडला आणि आत गेली. मी मागून. ताराक्का बसल्या जागेवरून हलली नाही. सोनाक्कानं ताट आपल्या गौरीपुढे ठेवलं, शेजारच्या ताटातल्या आमटीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, “मीठ न्हाई ह्यात.”

“हाय.”

“न्हाई. सासू आसती तर ताट उचललं आसतं.”

“सासू आसती तर तुजं तोंड बंद केलं आसतं.” ताराक्का उठली, फडताळातून मिठाची बरणी काढली आणि तिच्यापुढे आपटली. सोनाक्कानं मीठ घातलं. मग दोघींनी मिळून नैवेद्य दाखवला, एकमेकींकडे न बघता. मला वाटलं झालं. पण ताराक्का परत स्वयंपाकघरात गेली आणि दुसरं ताट वाढायला लागली.

“हे कुणाला?” सोनाक्कानं विचारलं.

“माजी बी एक तुज्यात बसलीय न्हवं? तिनं काय उपाशी ऱ्हायाचं?” आणि ती ताट घेऊन गल्ली ओलांडून ह्या बाजूला आली. तिचंही पाऊल अकरा वर्षांत ह्या बाजूला पडलं नव्हतं. तिनं मात्र मधोमध थांबून बघितलं नाही, सरळ आली.

भांडण मिटलं असं समजू नका. विहिरीचा दावा आजही कोर्टात आहे आणि जात्याच्या तळ्या अजून दोन घरांत. पण दरवर्षी गौरी जेवणाला सोनाक्का पलीकडे जाते. विचारलं तर सांगते, मीठ बघायला. आण्णांनी तिसऱ्या दिवशी, गौरी उठल्यावर, फोन काढून पिलांची ऑर्डर रद्द केली, कारण विचारल्यावर म्हणाले, “जो अपनी गलती की रिपोर्ट खुद देता है, त्याला डिसमिस करत न्हाईत.” नंतर त्यांनी आम्हा सगळ्यांची रोज दुपारी तीनला हजेरी घ्यायला सुरुवात केली. चाचांसकट. पुढच्या वर्षी चाळीस घरांची शंभर घरं झाली. आज विट्याकडची गलाईवाली, सोनं-चांदी गाळणारी माणसं पार कुठल्या कुठल्या शहरांतून मुखवटे मागवतात, सांगलीत रविवारी आमचा वर्ग भरतो, त्यात नंदा शिकवते, आणि तिच्या हाताखालच्या सगळ्या पोरींच्या गौरींच्या भुवया वर चढलेल्या असतात. मी आता प्रत्येक तोंडाच्या मागे ऑइल पेंटनं नाव लिहिते. ते एकच काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

त्या वर्षी गौरी उठल्या त्याच संध्याकाळी मी चौघींना पुन्हा वेगळं केलं आणि ताराक्काच्या दोन तिला द्यायला गेले. ती कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी तोंडं तिच्या पदरात ठेवली. माझ्या मनात एक गोष्ट दोन दिवस डाचत होती. सोनाक्काकडे पहिल्या दिवशी लाइट नव्हती हे खरं. पण मी ताराक्काला तिची जोडी दिली ती भर दुपारी, लख्ख उजेडात, तिच्या हातात.

“आक्का,” मी म्हटलं, “तुमाला कवा कळलं, दोनी जुन्याच हायत म्हणून?”

“दारातच.”

“आवं, मग बोलला न्हाईसा ते?”

ताराक्कानं पदरातल्या जुन्या गौरीच्या कललेल्या हनुवटीवरून अंगठा फिरवला, मग एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“भाजी चुलीवर हुती,” ती म्हणाली.